सात वर्षांच्या मुलाला टीव्हीवर काय दाखवावं? शिनचॅन बंद करू का?

मुलगा दुसरीत आहे, शिनचॅन बघून उलट बोलायला लागलाय, ते बंद करून दुसरं काय लावू, असं विचारलंय तुम्ही. बंद करायचं तर खुशाल करा. पण त्याने उलट बोलणं थांबेल असं वाटत असेल तर आधी सांगा, तुमच्या घरात संध्याकाळी सात ते साडेनऊ टीव्हीवर काय चालू असतं?

हे विचारतेय कारण आमच्याकडे या शिनचॅनवरून महाभारत झालंय. लेक तेव्हा दुसरीतच होती. गणपतीला सगळे लांज्याला जमलेले, पहिल्याच दिवशी पंगत बसलेली, मोठ्या जाऊबाई वाढत होत्या. त्या हिला म्हणाल्या, आधी वरणभात संपव, मग दुसरा मोदक. झालं. बाईसाहेबांनी पान पुढे सरकवलं, उभ्या राहिल्या, एक भुवई वर केली आणि सावकाश म्हणाल्या, "काकू, आज तुमचं खरं रूप सगळ्यांसमोर आलं." आणि मग मान झटक्यात उजवीकडे, परत डावीकडे, परत उजवीकडे, तोंडाने ढॅण ढॅण ढॅण! सासऱ्यांना हसताना ठसका लागला, पलीकडच्या पंगतीतले लोक वाकून बघायला लागले, आणि जाऊबाई लालबुंद. "बघितलंत? हे शिनचॅनचे परिणाम. मी सांगत होते."

भाऊजींना तर निमित्तच हवं होतं. सरकारने 2008 मध्ये शिनचॅनवर बंदी घातली होती म्हणे, उगाच घातली का. आता यात खोटं काही नाही, बंदी होती, पुढच्या वर्षी काटछाट करून तो परत आला. मूळचं जपानी कॉमिक तर 1990 पासून मोठ्यांच्या मासिकात यायचं, लहान मुलांसाठी नव्हतंच ते. हे सगळं मला मान्य आहे हो. पण "खरं रूप सगळ्यांसमोर आलं" हे शिनचॅन कधी बोलला? आणि एकच चेहरा तीन बाजूंनी तीनदा दाखवून ढॅण ढॅण कोण करतं? आमच्या डोंबिवलीच्या घरी आम्ही दोघं लोकलमधून उतरून घरी पोचतो तेच आठ वाजता, सिरियल बघायला कुणाला वेळ आहे. लेक मे महिन्यात राहायला होती पुण्याला, जाऊबाईंकडे. तिथे सात वाजल्यापासून एका मागून एक सिरियल, ताटं घेऊन सगळे टीव्हीसमोर. हे मी तिथेच, पंगतीतच बोलले. सासूबाई म्हणाल्या, आधी जेवा गं दोघी. त्यानंतर गौरी-गणपतीचं विसर्जन होईपर्यंत जाऊबाई माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होत्या.

मला काय म्हणायचंय ते बघा. शिनचॅन आगाऊपणा करतो तेव्हा मूल खिदळतं, आईने आता धपाटा घालायचा हे त्याला माहीत असतं, तिथे आगाऊपणा हा आगाऊपणाच असतो. सिरियलमध्ये एक बाई दुसरीच्या दुधात काहीतरी मिसळत असते आणि खोलीतले सगळे मोठे श्वास रोखून बघत असतात. मुलाने पाणी मागितलं तरी "श्श, थांब जरा, ब्रेक होऊ दे". म्हणजे हे काहीतरी महत्त्वाचं आहे, मोठी माणसं अशीच बोलतात, असंच त्याला वाटणार ना?

भाऊजींनी नंतर फॅमिली ग्रुपवर एक लिंक टाकली, 2011 चा अमेरिकेतला अभ्यास, नऊ मिनिटं भराभर दृश्यं बदलणारं कार्टून बघितलं की मुलांचं लक्ष आणि स्वतःवरचा ताबा कमी होतो वगैरे. मी वाचला. मुलं चार वर्षांची होती, कार्टून स्पंजबॉब होतं, आणि चाचणी बघून झाल्या झाल्या लगेच घेतलेली, पुढे वर्षभराने काय होतं याबद्दल त्यात काही नाही. म्हणजे सात वर्षांच्या पोरीने शिनचॅन बघितल्याचा त्याच्याशी काय संबंध? ग्रुपवर मी हे लिहिलं तर कुणी उत्तर दिलं नाही, सासऱ्यांनी फक्त अंगठा दिला.

बरं, तुमचा प्रश्न. डोरेमॉन चालेल. नोबिता आळशी आहे अशी ओरड असते, पण नीट बघा, गॅजेट घेऊन शॉर्टकट मारायला गेला की शेवटी तोच तोंडावर आपटतो. छोटा भीम मला अजिबात आवडत नाही, सगळ्यांना आवडतो म्हणून मुद्दाम सांगते. लाडू खाल्ला, दोन गुद्दे, संपला प्रश्न. शिवाय कालिया जाडा म्हणून त्याला हसायचं. मोटू पतलूमध्येही तीच हाणामारी, पण ती निदान सगळी येडेगिरी आहे. ब्लूई मिळाली तर नक्की लावा, ऑस्ट्रेलियातली आहे, कुत्र्यांचं कुटुंब, सात-सात मिनिटांचे भाग, त्यात आईबाप पोरींशी खरंच खेळतात, दमतात, वैतागतात. इंग्रजी पहिल्यांदा डोक्यावरून जाईल, शेजारी बसून सांगावं लागेल. मराठीत लहान मुलांसाठी नवीन काही शोधायला गेलात तर हात हलवत परत याल, होती ती पुण्याची बालचित्रवाणी, तीही बंद पडली.

आणि "आमच्या वेळी किती छान कार्यक्रम असायचे" हे ऐकून घेऊ नका. मोगली छानच होता, शेरखानला नाना पाटेकरचा आवाज म्हटल्यावर काय बिशाद. पण आपल्या आईबापांनी काही तो निवडून लावलेला नव्हता, घरोघरी दूरदर्शनच होतं आणि मोगली आठवड्यातून एकदा, रविवारी. शक्तिमान बघून आपणही एक हात वर करून गरगर फिरत होतो आणि कपाटावर आपटत होतो, त्याने कुणी वाया गेलं नाही.

हां, हे सगळं सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलांबद्दल. घरात धाकटं भावंड असेल तर शिनचॅन नकोच, त्याला त्यातली गंमत कळत नाही, नुसती नक्कल कळते. वेळेचं म्हणाल तर भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाच ते दहा वर्षांसाठी दिवसाला दोन तासांच्या आत असं सांगितलंय, त्यात मोबाइलपण धरलाय बरं का. यूट्यूबवर लावून देऊन स्वयंपाकघरात जाऊ नका, भीम संपल्यावर पुढे आपोआप काय लागेल त्याचा नेम नसतो. आणि तुमच्याकडे सिरियल बघत नसतील, मुलगा शाळेतून शिकून येत असेल, तर मग मला माहीत नाही, बाईंना भेटा.

जेवताना मात्र टीव्ही बंद. सगळ्यांचा, आजीचापण. या हट्टावरून मी हटलेली नाही. जाऊबाई आमच्याकडे राहायला आल्या तरी जेवायच्या वेळी टीव्ही बंदच असतो, त्या आत जाऊन इअरफोन लावून मोबाइलवर बघतात. बघू देत.