बॅलटवर पेन्शन आली तर युनिव्हर्सिटीवाल्यांचं काय?

प्रश्न: दादा, मी कॅलिफोर्नियात यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) एका लॅबमध्ये २०१४ पासून नोकरीला आहे, मिस्टर कॅल स्टेटला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी). पेन्शन सुधारणेचा विषय निघाला की ते म्हणतात, तुम्हाला काय, तुमची युनिव्हर्सिटी स्वतंत्र, कायदा तुम्हाला लागत नाही. खरंय का हे? की लोकांनी मतं दिली तर माझीही पेन्शन कमी होऊ शकते?
– एक वाचक

उत्तर: ताई, मिस्टरांचं म्हणणं विधानसभेच्या कायद्यापुरतं बरोबर आहे. २०१२ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी पेप्रा या पेन्शन सुधारणा कायद्यावर सही केली, तो कॅल स्टेटला लागला कारण त्यांची पेन्शन कॅलपर्सकडे, म्हणजे राज्याच्या पेन्शन फंडाकडे आहे, आणि यूसी त्यातून सुटली कारण राज्यघटनेनेच रीजंट्सना, म्हणजे यूसीच्या नियामक मंडळाला, स्वायत्तता दिलीय. पण बॅलटवर, म्हणजे लोकांच्या थेट मतदानाला, घटनादुरुस्तीच आली तर ही ढाल चालत नाही. गेल्या गव्हर्नर निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ८ टक्के इतक्या सह्या जमवायच्या, मग साधं बहुमत पुरतं.

आणि असा प्रयत्न झालाय. सॅन होजेचे माजी महापौर चक रीड आणि सॅन डिएगोचे माजी नगरसेवक कार्ल डीमायो यांच्या २०१५ च्या मसुद्यात मालकाच्या व्याख्येत रीजंट्स आणि कॅल स्टेट दोघांचीही नावं होती, म्हणजे तुम्ही दोघंही त्यात. २०१९ पासून लागणाऱ्या नव्या लोकांना ठरलेली पेन्शन द्यायची तर आधी मतदारांची मंजुरी, असं त्यात होतं. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी तो मागे घेतला.

मला जास्त काळजी रीड यांच्या आधीच्या, २०१४ साठीच्या मसुद्याची वाटली होती, कारण तो थेट नोकरीत असलेल्यांवर होता. झालेल्या वर्षांची पेन्शन सुरक्षित, पण पुढच्या वर्षांचा दर बदलता येईल असा. एरवी १९५५ च्या लाँग बीचच्या खटल्यापासून चालत आलेला 'कॅलिफोर्निया रूल' पुढच्या वर्षांनाही बराच आधार देतो, त्या मसुद्याला तोच काढायचा होता. तेव्हाच्या ॲटर्नी जनरल कमला हॅरिस यांनी मतदारांसाठी केलेल्या सारांशात शिक्षक, नर्स, पोलिस यांच्या पेन्शनचं संरक्षण जाईल असं स्पष्ट लिहिलं गेलं, रीड कोर्टात गेले, तिथेही जमलं नाही आणि त्या वर्षीचा नाद सोडला.

मत पडलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही हं, सॅन डिएगोत २०१२ ला मोठ्या बहुमताने पास झालेला पेन्शन बदलाचा प्रस्ताव पुढे कोर्टात टिकला नाही.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो. यूसीची पेन्शन बॅलटशिवायही बदललीच. १९९० ते २०१० जवळपास वीस वर्षं ना युनिव्हर्सिटीने ना कर्मचाऱ्यांनी फंडात काही भरलं, ही सुट्टी वरच्यांनी ठरवली, आणि खड्डा पडल्यावर बोट मात्र कर्मचाऱ्यांकडे, हे मला अन्यायाचं वाटतं. मग २०१५ मध्ये राज्याने पेन्शनच्या देण्यासाठी ४३.६ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं आणि बदल्यात जुलै २०१६ पासून लागणाऱ्या नव्या लोकांच्या पेन्शनपात्र पगारावर पेप्राएवढी मर्यादा आली. तुम्ही २०१४ च्या, म्हणून ती तुम्हाला नाही. तुमच्या बॅचला मात्र सहसा पेन्शनचा वरचा दर मिळायला ६० ऐवजी ६५ वय लागतं, ते हिशोबात धरा.

पुढे कधी सह्यांचा कागद समोर आला तर मसुद्यात दोनच जागा शोधा, मालकाच्या व्याख्येत रीजंट्स आहेत का, आणि बदल 'नव्या कर्मचाऱ्यांना' की 'पुढच्या कामाला'. 'पुढच्या कामाला' दिसलं तर लगेच युनियनला फोन करा.