बदली बेंगळुरूला, आदेश पुण्याचा

प्रश्न : पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात २०२१ मध्ये आमचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. मुलगी नऊ वर्षांची आहे. तिचा ताबा माझ्याकडे आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी ती वडिलांना भेटते आणि ते तिच्यासाठी दरमहा १२,००० रुपये देतात. जूनमध्ये माझी बदली बेंगळुरूला होणार आहे. ‘मुलीला नेलेस तर पैसे बंद’ असे ते म्हणतात. मी अर्ज कोठे करावा?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमचा विवाह हिंदू विवाह अधिनियम, १९५५ खाली झाला आहे असे धरून लिहीत आहे. अर्ज पुण्यातच, शिवाजीनगरच्या त्याच न्यायालयात करावा आणि सामान हलवण्यापूर्वी करावा. ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला, त्याला ताबा, भेटी आणि मुलांचा खर्च यांविषयीचे आदेश पुढेही बदलण्याचा अधिकार कलम २६ ने दिलेला आहे. आदेश संमतीचा होता म्हणून तो कायमचा ठरत नाही. ताब्याचे आदेश स्वभावतःच तात्पुरते असतात आणि मुलाच्या हितासाठी संमतीचा आदेशही बदलता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब प्रकरणात सांगितले आहे.

आधी तिकडे जाऊन, मग तेथे पालकत्वाचा नवा अर्ज करण्याचा सल्ला तुम्हाला कोणी देईल. पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ नुसार मूल सामान्यतः राहते तेथील न्यायालयाला अधिकार असतो, हे खरे. पण पुण्याचा आदेश कायम असताना तसे केल्यास ‘सामान्यतः’ म्हणजे कोठे यावरच वाद रंगतो, शनिवारची भेट चुकल्याची तक्रार इकडे दाखल होते आणि त्या ओढाताणीत मुलीचे वर्ष जाते. मला हा मार्ग मुळीच पसंत नाही.

तडजोडीच्या अटी पुन्हा नीट वाचा. मुलीला परवानगीशिवाय पुण्याबाहेर न नेण्याची अट त्यांत असू शकते. अर्जाला बदलीचे पत्र आणि नव्या शाळेची माहिती जोडा आणि भेटींची नवी व्यवस्था स्वतःहून सुचवा : दिवाळी व उन्हाळी सुट्टीचा अर्धा काळ वडिलांकडे, दर शनिवारी व्हिडिओ कॉल, तिकिटाचा खर्च कोणी करायचा आणि मुलीला गाडीत कोणी सोबत करायची हेसुद्धा. न्यायालयाने मुलीला समुपदेशकांकडे पाठवले, तर तिला उत्तरे पढवून नेऊ नका. नऊ वर्षांच्या मुलीवर ते ओझे टाकणे योग्य नव्हे.

पैसे बंद करण्याची धमकी कायद्यात बसत नाही. खर्चाचा हक्क मुलीचा आहे. भेटी बदलल्या म्हणून वडिलांना तो परस्पर थांबवता येत नाही. हप्ता थकल्यास वसुलीचा अर्ज करता येतो. रक्कम वाढवून हवी असल्यास तीही याच वेळी मागा. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार दोघांनाही उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, त्यात तुमचा वाढलेला पगारही दाखवावा लागेल.

मे महिन्यात न्यायालयाला उन्हाळी सुट्टी असते, त्यामुळे बदलीचे पत्र हाती पडताच वकिलांना भेटा.