वाचकांचे प्रश्न: कराचीवर गेलेल्या क्षेपणास्त्र बोटी

प्रश्न: १९७१च्या युद्धात कराचीवर हल्ला करणाऱ्या विद्युत वर्गाच्या बोटी मुळात किनाऱ्याच्या राखणीसाठी घेतल्या होत्या ना? मग त्या एवढ्या लांब गेल्या कशा?

उत्तर: हो, राखणीसाठीच. सोव्हिएत बनावटीची ही ओसा-१ जातीची बोट जेमतेम ३८ मीटर लांब, पूर्ण भारासह दोनशे टनांच्या आसपास. पोटात तीन एम-५०३ डिझेल इंजिनं, प्रत्येकी ४,००० अश्वशक्तीची. एकेका इंजिनात ४२ सिलिंडर, मधल्या दांड्याभोवती सात ओळींत बसवलेले. चाळीस नॉटच्या (म्हणजे तासाला चाळीस सागरी मैलांच्या) जवळ जाणारा वेग त्यातूनच येतो, पण डिझेलही तसंच संपतं. ३० नॉटनं धावली तर सुमारे ८०० सागरी मैलांत टाक्या रिकाम्या! मुंबई ते कराची एका बाजूचंच अंतर ५०० मैलांच्या घरात. म्हणजे आपल्या इंधनावर जोरात जाऊन, लढून परत येणं शक्य नव्हतं.

वाट सापडली ती वेगळ्याच अडचणीतून. एवढं वजन उचलणारी क्रेन मुंबई बंदरात नसल्यानं बोटी कलकत्त्याला उतरवाव्या लागल्या आणि तिथून दोर लावून मुंबईला ओढत आणल्या. लांब पल्ल्यावर ओढून नेता येतात, हे तिथं कळलं. ४ डिसेंबरला निपात, निर्घात आणि वीर या तीन बोटींसोबत किलतान आणि कच्छल ही पाणबुडीविरोधी जहाजं होती, शिवाय इंधनासाठी ‘पोषक’ नावाचा टँकर. दिवसभर ताफा कराचीच्या दक्षिणेला सुमारे २५० मैलांवर, विमानांच्या टेहळणीबाहेर थांबला आणि अंधार पडल्यावर पुढे सरकला. आमच्या मते या मोहिमेचं खरं कसब इथंच आहे.

प्रश्न: क्षेपणास्त्र लक्ष्य कसं शोधतं? बोटीवरून त्याला वाट दाखवावी लागते का?

उत्तर: सुटल्यावर नाही. मेहनत सगळी त्याआधीची. या बोटींवरच्या पी-१५ क्षेपणास्त्रांची चारही कोठारं डेकवर घट्ट बसवलेली, तोंड नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे. ती तोफेसारखी फिरत नाहीत. त्यामुळे बोटच लक्ष्याच्या दिशेला वळवून सुकाण्यावरच्या माणसानं ती दिशा धरून ठेवायची. रडारवरून लक्ष्याचं अंतर आणि दिशा घ्यायची, ती क्षेपणास्त्राला द्यायची, कोठाराचं दार उघडायचं, मग डागायचं. पोटाखालचा घन इंधनाचा बूस्टर जळून गळून पडतो आणि मुख्य इंजिन पुढे नेतं. ४० किलोमीटर कापायला सव्वादोन मिनिटांच्या आसपास लागतात. वाटेत स्वयंचालक दिशा सांभाळतो. शेवटच्या टप्प्यात नाकातलं रडार चालू होतं आणि समोर जे ठळक दिसेल ते पकडतं. समोरचं जहाज आपलं की परकं, हे त्याला कळत नाही! म्हणून डागण्यापूर्वी ओळख पटवणं अतिशय महत्त्वाचं.

इंधनाचं काम सर्वांत धोक्याचं. मुख्य इंजिनातलं द्रव इंधन आणि नायट्रिक आम्लाधारित ऑक्सिडायझर एकमेकांना लागताच पेट घेतात, आणि दोन्ही विषारी. भरताना संरक्षक पोशाख आणि मुखवटा हवाच.

प्रश्न: मग अशा बोटी मागे का पडल्या?

उत्तर: १९६७ मध्ये इजिप्तच्या कोमार जातीच्या छोट्या बोटींनी याच पी-१५ क्षेपणास्त्रांनी इस्रायलची एलात ही विनाशिका बुडवली, तेव्हा जगाला धक्का बसला. पण १९७३ मध्ये सीरियाच्या लताकिया बंदराजवळ सीरियाची हीच क्षेपणास्त्रं इस्रायली बोटींवर सुटली आणि एकही लागलं नाही. इस्रायली गॅब्रिएल क्षेपणास्त्राचा पल्ला साधारण निम्मा, तरी चॅफ (रडारला फसवण्यासाठी हवेत उधळलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या) आणि इलेक्ट्रॉनिक फसवणुकीनं सीरियाची अस्त्रं चुकवून त्यांनी जवळ जाऊन मारा केला. १९९१च्या आखाती युद्धात इराकी बोटी हेलिकॉप्टरवरच्या सी स्कुआ क्षेपणास्त्रांना बळी पडल्या. ओसावर विमानविरोधी म्हणून ३० मिलिमीटरच्या जुळ्या तोफांचे दोनच बुरूज. हेलिकॉप्टर त्यांच्या माऱ्याबाहेरूनच अस्त्र सोडतं. भारतानं १९८७ पासून घेतलेल्या वीर वर्गाच्या नौका मात्र मोठ्या, साडेचारशे टनांच्या पुढच्या, आणि डिझेलऐवजी गॅस टर्बाइनवर धावणाऱ्या आहेत.