परत पाठवलं म्हणून काय झालं?

अगं, रक्तदान शिबिरातून परत पाठवलं म्हणून खट्टू होऊ नकोस. मलाही पहिल्या खेपेला हिमोग्लोबिन ११.८ निघालं म्हणून घरी धाडलं होतं, १२.५ लागतंच. बायकांचं बहुतेक वेळा इथंच अडतं, इच्छा नसते असं नाही. डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या सुरू कर, पण चहासोबत नको, लिंबूपाण्याबरोबर घे. जेवणावर लगेच चहा पिण्याची सवयही मोड (मला तेच सगळ्यात जड गेलं!). वजन निदान ४५ किलो हवं. पाळी चालू असताना जाऊ नकोस; बाळ अंगावर पीत असेल तरी थांब. पुरुष तीन महिन्यांनी देतात, आपण चार. आणि उपाशीपोटी अजिबात नाही. संकष्टीचा उपवास असला तर सरळ पुढचं शिबिर बघ.