लिस्बनमधलं दुपारचं जेवण पाच जणींत कसं वाटून घ्यायचं?

प्रश्न: ताई, मी नोकरीसाठी लिस्बनला असते. पुढच्या महिन्यात पुण्याहून चार कॉलेजमैत्रिणी येतायत, त्यातल्या दोघी शाकाहारी, अंडं तेवढं चालतं. एक दुपार पोर्तुगीज रेस्टॉरंटमध्ये मिळून जेवायचंय, पण काय मागवू, किती मागवू, आणि त्या दोघी नुसती सॅलडच खात बसतील याचं टेन्शन आलंय.
– एक वाचक, लिस्बन

उत्तर: अगं, पहिलं म्हणजे प्रत्येकीला वेगळी प्लेट मागवूच नकोस. साध्या टॅस्कामध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या खानावळीत, मेन्यूवर दोझ आणि मेया दोझ असतं, म्हणजे पूर्ण आणि अर्धं, आणि ते अर्धंच बहुतेक ठिकाणी एकीला पोटभर होतं. बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात ना, ते कुव्हेर, त्याचे पैसे पडतात, पण तुम्ही मागवलं नसेल आणि हातही लावला नसेल तर बिलात लावता येत नाही, त्यामुळे नको ते बिनधास्त परत पाठव. ऑलिव्ह मात्र ठेव.

मासे खाणाऱ्या तिघींसाठी अरोश द मारिश्कु घे, कोळंबी-शिंपल्यांचा रसदार भात, तो बहुतेक दोघांच्या मापानेच करतात आणि पातेलं तसंच टेबलावर येतं, म्हणजे वाढून घ्यायची मजा आपोआप होते. सोबत बाकल्याव आ ब्राशची मेया दोझ. बाकल्याव म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा, तो भिजवून, त्याचे धागे काढून, कांदा, काडीसारखे तळलेले बटाटे आणि अंड्यात परततात. सुक्या मासळीचा उग्र वास येईल म्हणून कोणी नाक मुरडत असेल तर हाच पदार्थ आधी खायला दे, सगळ्यात सौम्य हाच.

आता शाकाहारी दोघी, आणि खरी काळजी इथेच घ्यायची. काल्दु व्हेर्द हे बटाटा आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पाल्याचं सूप, पण त्यात शोरीसुची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची, चकती घालतात, कधी सूपच तिच्यासोबत उकळलेलं असतं, त्यामुळे नुसती चकती काढून द्या म्हणून भागत नाही, कशात शिजवलंय ते विचार. आसोर्दा आलेन्तेजानाचंही तसंच. लसूण, भरपूर कोथिंबीर, ऑलिव्ह ऑइल, गरम पाणी, त्यात पाव आणि वर अंडं, आपल्या जिभेला एकदम जवळचं, पण ते पाणी कधीकधी बाकल्याव उकडलेलं असतं. बिनघोर म्हणजे पैशिन्युश दा ओर्ता, पिठात बुडवून तळलेल्या फरसबीच्या शेंगा, नाव माशाचं असलं तरी मासा नाही, फक्त मासे तळलेल्या तेलात तळू नका म्हणून सांग. या दोन प्लेट मागव, कारण बाकीच्या तिघीही त्यावर तुटून पडणार!

टेबल फोन करून बुक कर आणि शाकाहारी आहेत हे तेव्हाच सांग, म्हणजे स्वयंपाकघराला वेळ मिळतो. साडेबाराला पोचा, एकनंतर ऑफिसवाल्यांची गर्दी होते.