वैनगंगा पोहून जातोस, ते ठीक. पण जीवरक्षकाचं काम काठावरचं आहे

भाऊ, तू विचारलंस की बारावी झाली, पवनीकडचा आहे, वैनगंगा आरपार पोहतो, तर लाइफगार्डची नोकरी मिळेल का, आणि काम काय असतं. मी नागपुरातल्या जलतरण तलावांवर अकरा उन्हाळे काढले, त्यावरून सांगतो.

पोहणं लागतंच, पण दिवसभराचं काम म्हणजे बघणं. माझा दुसराच उन्हाळा होता. आठ-नऊ वर्षांचं पोट्टं, खोल बाजूच्या दोरीला लागून. तोंड आभाळाकडे, ओठ पाण्याच्या रेषेत, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबताहेत, जसं न दिसणारी शिडी चढतंय. बाप दोन हातांवर पाठमोरा, कोणाशी तरी बोलत उभा. ना हाक, ना पाणी उडवणं. मला वाटलं, खेळतोय. ते काही सेकंद आजही माझ्या हिशोबात आहेत. पोरगा वाचला, पण बुडणारा माणूस ओरडत नाही हे मला त्या दिवशी कळलं. श्वासच पुरत नाही तर ओरडणार कशानं? ही धडपड 20 ते 60 सेकंद चालते, मग खाली. म्हणून 10 सेकंदांत ओळखायचं आणि पुढच्या 20 सेकंदांत पोहोचायचं, असा नेम शिकवतात. मे महिन्यात 45 डिग्रीत, पाण्यावरचं ऊन डोळ्यांत घेऊन हे तासन् तास करायचं आहे. मोबाइल खिशातसुद्धा नको.

प्रशिक्षणासाठी पुण्याची राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी आहे, आणि गोव्यात केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था. जलतरण तलावाचा, नदी-तळ्याचा, समुद्राचा अभ्यास वेगवेगळा असतो. आपल्याकडे पहिले दोन कामाचे. ठरावीक अंतर वेळेत पोहणं, हात न वापरता उभ्यानं तरंगणं, तळातून वजन वर काढणं, बेशुद्ध माणसाला ओढत काठावर आणणं, प्रथमोपचार, सीपीआर म्हणजे छाती दाबून आणि तोंडानं श्वास देऊन जीव परत आणणं, हे सगळं बघतात. आपली डोकं वर ठेवून पोहायची गावठी तऱ्हा बघून शहरातली पोरं हसतील. हसू दे. बुडणाऱ्याकडे जाताना नजर त्याच्यावरच ठेवायची असते, तेव्हा तीच कामी येते.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. पाण्यात उडी ही शेवटची पायरी. आधी काठी, बांबू, टॉवेल पुढे करायचा. नाही पोहोचला तर दोरी, ट्यूब, झाकण घट्ट लावलेली रिकामी कॅन फेकायची. मग नाव. तेही नसेल तरच स्वतः, आणि तेव्हाही मधे तरंगणारी वस्तू धरून. घाबरलेला माणूस तुझ्या खांद्यावर चढतो, तिथं तुझं पोहणं संपलं. आपल्याकडे एकाला काढायला भाऊ उतरतो, भावामागे मित्र, आणि गावातून दोन-तीन तिरड्या निघतात. शेततळ्यात तर चांगला पोहणाराही अडकतो, कारण प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ असतं, पाय ठरतच नाही. खुंटीला बांधून गाठी मारलेली दोरी आत सोडून ठेवली तर वर येता येतं. किती शेतांत दिसते तुला?

नदीचं वेगळं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या वरचं फुगवट्याचं थोपलेलं पाणी एक, आणि खाली 33 दारांतली काही उघडल्यावर येणारं पाणी दुसरं. रेती उपसून झालेले खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोहात. गावातल्या मासे धरणाऱ्या म्हाताऱ्या ढिवरांसोबत चार सकाळी नावेतून फिर. कोणत्याही कोर्सात नाही ते तिथं कळेल.

बाहेर काढलेल्याला पालथं टाकून पोट दाबणं, धरून गरगर फिरवणं, हे गावात सर्रास चालतं. त्यात वेळ जातो. श्वास चालू आहे का बघ. नसेल तर आधी तोंडानं श्वास दे, कारण याला प्राणवायूच कमी पडलाय. मग छातीवर 30 दाब, 2 श्वास, न थांबता. दुसऱ्यानं 108 लावावा. उठून बसला तरी दवाखान्यात न्यायचाच.

पैशाचं खरं सांगतो. उन्हाळ्यात जलतरण तलावांवर गर्दी असते, पावसाळा लागला की काम आटतं. पगार बँकेपुढच्या वॉचमनपेक्षा फार वेगळा नाही, वर क्लोरीन तपासणं आणि कधी झाडूही तुझ्याच गळ्यात. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपुरात आहे, पण त्यात राज्य राखीव पोलीस दलातूनच जातात, म्हणजे आधी पोलीस भरती. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात ‘आपदा मित्र’ या स्वयंसेवकांच्या योजनेची चौकशी कर. 12 दिवसांचं प्रशिक्षण असतं, ती नोकरी नाही, पण हात तयार होतो.

कोर्सचे पैसे भरण्याआधी एक कर. काठावर दोरी घेऊन कोणी उभा असेल तेव्हाच, थोपलेल्या पाण्यात, पँट-शर्ट अंगात ठेवून दहा मिनिटं हात वर धरून तरंगून बघ. कितव्या मिनिटाला हात खाली आले ते इथं लिही, मग पुढचं बोलू.