"मी ओरडले नाही, आता माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

बलात्कारानंतर माझ्याकडे मदतीसाठी येणाऱ्या मुली-बायका हा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारतात, कोणी सरळ विचारतं, कोणी "माझ्या एका मैत्रिणीचं असं झालं" म्हणून विचारतं, पण गाडी शेवटी तिथेच येऊन थांबते. मी ओरडले नाही, हात उचलला नाही, पळून पण गेले नाही आणि आता इतके महिने झाले, मग चूक माझीच ना, आता सांगून काय उपयोग. म्हणून एक केस सांगते. तपशील बदललेत आणि तिला विचारूनच लिहितेय.

मुलगी पंचविशीतली, नोकरी करणारी. तो माणूस तिच्या भावाचा मित्र, घरात वर्षानुवर्षं येणं-जाणं, आईला काकू म्हणणारा. यात नवल काही नाही, देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या एनसीआरबीचा कुठल्याही वर्षाचा रिपोर्ट काढा, बलात्काराच्या बहुतेक सगळ्या केसेसमध्ये आरोपी ओळखीचाच निघतो, तरी आपण मुलींना आयुष्यभर शिकवतो काय तर अंधार पडायच्या आत घरी ये.

ती जवळजवळ आठ महिने गप्प होती. का, तर लाजेपेक्षा दादाची भीती. म्हणजे दादा मारेल अशी नाही, दादा त्याला मारेल आणि जेलमध्ये जाईल ही भीती. आणि झालंही तसंच, कळल्यावर दादा पहिलं वाक्य बोलला ते "मी त्याला सोडत नाही". मग घरात सगळे दादाला आवरण्यात, त्याचा फोन काढून घे, त्याला गाडीची चावी देऊ नको, आणि जिच्यावर बेतलं ती आतल्या खोलीत एकटी. घरच्या पुरुषांचा राग खरा असतो, मी खोटा म्हणत नाही, पण तो राग इतकी जागा घेतो की मुलीला रडायलाही कोपरा उरत नाही.

पहिल्यांदा तिघं एकत्र बसले तेव्हा आई बोलली, "अगं पण ओरडली का नाहीस? शेजारी तर सगळे घरात होते." आईच्या मनात आरोप नव्हता हो, तिला खरंच कळत नव्हतं. पण पोरगी मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती, आणि पुढचा अर्धा तास तिने एक शब्द काढला नाही.

मी दादालाच विचारलं की तुझा कधी अ‍ॅक्सिडेंट झालाय का. झाला होता, समोरून ट्रक आला आणि त्याला ब्रेक दाबायचं सुचलंच नाही, पाय जागच्या जागी गार. म्हटलं मग तुला ट्रक अंगावर यायला हवा होता का? तो बघतच राहिला. शरीर घाबरलं की लढणं आणि पळणं एवढे दोनच रस्ते नसतात, थिजणं हा तिसरा, आणि तो आपण निवडत नाही. तोंडातून आवाज फुटत नाही, हातपाय हलत नाहीत, काहीजणी सांगतात की मी छताकडे बघत होते जणू दुसऱ्याच कोणाला होतंय. स्वीडनमध्ये बलात्कारानंतर इमर्जन्सी क्लिनिकमध्ये आलेल्या 298 बायकांचा अभ्यास 2017 साली छापून आला, त्यात 70 टक्के बायकांनी असं थिजल्याचं सांगितलं होतं. म्हणजे ओरडणाऱ्याच कमी. आणि आठवणीही मग तुटक राहतात, पंख्याचा आवाज लख्ख आठवतो पण आधी काय नंतर काय ते लागत नाही, याला लोक खोटेपणा समजतात.

आई म्हणाली, मॅडम तुम्ही म्हणता ते पटतंय पण कोर्टाला पटेल का? रास्त प्रश्न. कारण एकेकाळी पटलं नव्हतंच. 1972 साली आपल्याच महाराष्ट्रात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला, मथुरा केस म्हणून सगळ्यांना माहीत आहे. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं पण 1978 ला सुप्रीम कोर्टाने दोघांना सोडलं, अंगावर जखमा नाहीत, झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे संमती असणार असं धरून. 1979 मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 ला कायदा बदलला. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्येच लिहिलंय की बाईने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येणार नाही. हे मी आईला मोबाईलवर उघडून वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं.

राहिला उशीर. 1996 साली गुरमीत सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की तक्रारीला उशीर झाला म्हणून केस आपोआप पडत नाही, घरची अब्रू वगैरे विचार करून लोक उशिरा येतात हे कोर्टाला कळतं, आणि तिची साक्ष विश्वासार्ह असेल तर दुसरा साक्षीदार लागलाच पाहिजे असंही नाही. उशिराने नुकसान होतच नाही असं मी म्हणणार नाही, मेडिकल पुरावा हातचा जातो. ताजी घटना असेल तर आंघोळ न करता, कपडे न धुता लवकरात लवकर हॉस्पिटल, आणि आंघोळ झाली असली तरी जायचंच. उपचार सरकारी-खाजगी दोन्हीकडे फुकट देणं बंधनकारक आहे, गर्भ राहू नये म्हणूनची औषधं जितकी लवकर तितकं बरं, आणि एचआयव्हीसाठीची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. आणि टू फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत दोन बोटं घालून बाईला संबंधांची सवय आहे का बघायची ती जुनी तपासणी, कोणी करायला निघालं तर सरळ नाही म्हणा, सुप्रीम कोर्टाने 2022 मध्येच बजावलंय की ती करणारा गैरवर्तनाचा दोषी.

हिच्याकडे मेडिकल नव्हतं पण व्हॉट्सअ‍ॅप होतं. दुसऱ्या दिवशी त्याने पाठवलेला "सॉरी, कोणाला सांगू नको" मेसेज, आणि त्याच आठवड्यात ऑफिसमधल्या एका मैत्रिणीला रडत केलेला व्हॉइस मेसेज. ती ते डिलीट करायला निघाली होती, बघवत नाही म्हणून! मी तर नेहमी सांगते, बघू नका पण पुसू नका, आणि नुसत्या स्क्रीनशॉटवर भागवू नका, फोन जपून ठेवा.

पोलीस ठाण्यात पहिल्या खेपेला "घरातलंच आहे, समजुतीने घ्या, लग्नाचं वय आहे पोरीचं" ऐकावं लागलं. दुसऱ्या खेपेला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेली वकील सोबत होती, बायकांना तिथे उत्पन्न कितीही असो वकील फुकट मिळतो. अशी तक्रार नोंदवून न घेणं हा पोलिसाचाच गुन्हा ठरतो, घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी झिरो एफआयआर घ्यावा लागतो, हे वकीलबाईंनी शांतपणे सांगितलं आणि महिला अधिकारी आली. जबाबाआधी मी मुलीला एकच सांगितलेलं, जे आठवत नाही ते "आठवत नाही" म्हण, रिकाम्या जागा भरायच्या नाहीत. अंदाजाने सांगितलेली वेळ उलटतपासणीत नक्की अंगाशी येते.

नाव बाहेर येईल का, हे आईने तीनदा विचारलं. छापणं, दाखवणं गुन्हा आहे, सुनावणी बंद खोलीत चालते. नातेवाईकांच्या कुजबुजीला मात्र कायदा नाही, ते मी खरं तेच सांगितलं.

आणि ज्यांना तक्रार करायचीच नाही त्यांना मी ढकलत नाही. सज्ञान बाईचा निर्णय तिचा, इतक्या गंभीर गुन्ह्याला मुदत नसते, नंतरही करता येते. फक्त मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याप्रमाणे मला कळवावंच लागतं आणि ते मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते.

हिची चार्जशीट लागली, तारखा चालू आहेत, निकालाला वेळ लागेल. दादाला मी वेगळं बसवते, त्याच्या रागाचं त्याचं त्याने बघायला. आईने मध्ये फोन करून विचारलं की मग मी तिला विचारू तरी काय? म्हटलं काकू, "उद्या तारखेला मी येऊ का, का तुला एकटीलाच जायचंय?" हे विचारा, आणि ती एकटी जाते म्हणाली तर जाऊ द्या.